रिकामा थांबा

३ फेब्रुवारी २०२४

आबांच्या मनगटावर घड्याळ बसवलं एकदाचं! वडील कसले, रुसलेला नवरदेव नुसता. दुकानदार पट्टा लावतोय आणि हे हात मागं ओढतायत.

काल त्यांना गावाकडून बोलावून हृदयाच्या डॉक्टरकडं नेलं. गेल्या यात्रेत ढोल वाजवता वाजवता दम लागून खाली बसले होते, तेव्हापासून मी मागं लागले होते. डॉक्टरांनी पडद्यावर हलतं हृदय दाखवलं. म्हणाले, पंप निम्म्या ताकदीनं चाललाय. गोळ्या चुकवायच्या नाहीत, सपाटीवर रोज निवांत चालायचं आणि ओझं अजिबात उचलायचं नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ढोल?"

"यात्रा कधी असते?"

"चैताच्या पुनवेला. बिरोबाची."

"तोवर नीट वागलात तर थोडा वेळ वाजवा."

झालं! आबांचा चेहरा असा फुलला, जसं काही आजच बरे झाले. मग मी ठरवलं, ह्यांना यात्रेपर्यंत धडधाकट करायचंच. दमायला लागल्यापासून मेंढरांमागं आईच जाते आणि आबा वाड्यावर बसून राहतात. म्हणून हे घड्याळ. ठरलेलं चालणं झालं की त्यावर हिरवं वर्तुळ पूर्ण होतं आणि माझ्या फोनवर निरोप येतो, 'अभिनंदन, मल्हारराव! आजचं लक्ष्य पूर्ण.' नाव मीच टाकलं.

"माझ्यावर मुकादम बसवलास व्हय गं अंबे?" आबा म्हणाले. पण बसमध्ये चढताना बाही वर सारून बसले, शेजारच्याला दिसावं म्हणून.

यंदा चारा नाही, म्हणून मेंढरांचा वाडा गावाजवळ न बसवता वैजापूर रस्त्याकडं कुठंतरी वरच्या माळावर बसवलाय म्हणे. मी अजून बघितला नाही. जायला पाहिजे.

१२ फेब्रुवारी

ऑफिसात आज रत्नमाला मॅडमनी सगळ्यांसमोर माझं पान उघडलं. म्हणजे आमच्या ॲपचं ते पान, ज्यावर ठेकेदाराला त्याचे सगळे टँकर नकाशावर दिसतात. दुष्काळी गावांचे आणि शहराकडच्या नव्या सोसायट्यांचे, दोन्ही. पान उघडेपर्यंत मॅडम शांतपणे चहा प्यायल्या. कप खाली ठेवला तरी गोल चक्री फिरतेच आहे. सगळे हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अंबिका, मार्चअखेर तुझं मूल्यमापन आहे," त्या म्हणाल्या. "चांगली कामगिरी म्हणजे काय? ग्राहकाला वाट बघायला लागू नये. बस्स."

बरोबरच आहे. वाट बघायला कुणाला आवडतं?

१९ फेब्रुवारी

जमलं! पान असं उघडतंय की पापणी लवायच्या आत.

गोम काय होती, तर प्रत्येक टँकर कुठं कुठं थांबला, का थांबला, सगळं आम्ही साठवत बसलो होतो. चहाला, टायरला, रेल्वे फाटकाला. मी ते सगळं काढून टाकलं. आता दोनच प्रकार. तहसीलच्या यादीतल्या, पाणी द्यायच्या पॉइंटवर थांबला तर 'कामाचा थांबा'. बाकी सगळे 'रिकामे थांबे'. रिकामे थांबे वाढले की ड्रायव्हरचं रेटिंग आपोआप उतरतं. ठेकेदार तर खूशच होईल, कारण खेपा वाढणार.

जुनी माहिती तपासताना गंमत दिसली. वैजापूर रस्त्याचा एक टँकर रोज एका वळणावर थांबतो. तिथं ना गाव, ना विहीर. नकाशावर नुसता पांढरा माळ. बिडी ओढत बसत असणार बाबाजी, दुसरं काय? ठेकेदारालाही फोनवर गमतीनं हेच सांगितलं. आता कळेल त्या ड्रायव्हरला.

२६ फेब्रुवारी

आबांचं वर्तुळ पावच भरतंय रोज. आज फोनवर चांगलं फैलावर घेतलं.

"आबा, यात्रेत वाजवायचंय ना?"

"वाजवायचंय की."

"मग चालत का नाही?"

"कुठं जाऊ चालत? देवाला का दवाखान्याला?" मग स्वतःच हसले. "जाईन गं बाई. ऊन लई हाय."

पाण्याचं विचारलं तर म्हणाले, "हाय की. टँकर येतो. तुझाच टँकर."

"माझा कसला आबा? मी नुसतं ॲप करते."

"तेच गं. मी समद्यांना सांगतो, ह्यो टँकर माझी पोर हाकती."

खालच्या गावात येतो तोच टँकर म्हणत असतील. मला उगाच भरून आलं. इथं ऑफिसात कुणाला माहीतही नाही मी कुणाची कोण. सांगायला लाज वाटते असं नाही, पण कुणी विचारत नाही आणि मीही काढत नाही विषय.

४ मार्च

आज एक ड्रायव्हर थेट ऑफिसात आला. दाऊदभाई नाव. वैजापूर रस्त्याचा टँकर ह्यांचाच. रेटिंग लाल झालं म्हणून ठेकेदारानं झापलं, तर हे ॲप बनवणाऱ्यांनाच शोधत आले. पांढरी दाढी, चपला दाराबाहेर काढून उभे. मला अवघडल्यासारखं झालं.

"मॅडम, मैं बिडी नहीं पीता," पहिलंच वाक्य. म्हणजे ठेकेदारानं माझा विनोद पोचवलेला दिसतो. "वळणावर थांबावं लागतं. वर धनगरांचा वाडा आहे. त्यांच्या मेंढरांची कुंडी भरतो, दोन ड्रम भरतो आणि निघतो. गाडीचा आवाज आला की मेंढरं पळत खाली येतात. उनके सामने से गाडी कैसे निकालूं?"

मी म्हटलं, "पण तो पॉइंट यादीत नाही ना."

"मग घाला यादीत."

"असं होत नाही दाऊदभाई. ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, तहसीलची मंजुरी लागते. वाडा आज इथं, उद्या तिथं. त्याला पॉइंट कसा द्यायचा?"

"माणसं तर आहेत ना तिथं मॅडम. मेंढरांच्या मागं फिरतात, मगर हैं तो सही."

म्हटलं, नियम मशीनचा आहे, माझ्या हातात नाही. हे धादांत खोटं होतं. ते "ठीक है" म्हणाले आणि चपला घालून गेले.

विचारणार होते, कुठले धनगर, नाव काय. तेवढ्यात मॅडमनी बोलावलं. आणि अख्ख्या तालुक्यात मेंढरं काय आमच्या एकट्याचीच आहेत? आबांचं पाण्याचं बरं चाललंय, ते स्वतःच म्हणाले की.

१५ मार्च

अभिनंदन, मल्हारराव! गेले कितीतरी दिवस रोज पूर्ण वर्तुळ! आज तर न्याहारीच्या आतच निरोप आला. मी ऑफिसात सगळ्यांना इमरती वाटली. का म्हणून विचारलं तर सांगितलं, वडील सुधारले. सुधारले म्हणजे काय, या वयात माझ्या दुप्पट चालतायत.

नाडीही छान वर जाते, घड्याळ त्याला 'जोमदार व्यायाम' म्हणतं. मी तर म्हणते, ही फक्त मुकादमाची करामत.

आबांना शाबासकी द्यायला फोन केला तर आईनं उचलला. आवाज ओढलेला वाटला.

"आबा कुठंयत?"

"गेलेत खाली."

"फिरायला?"

"व्हय. फिरायला."

"बघितलंस? आधी नको नको म्हणत होते."

"व्हय बाई," आई म्हणाली आणि मेंढरं ओरडतायत म्हणून फोन ठेवला. खरंच लई ओरडत होती.

२९ मार्च

मूल्यमापनात सगळ्यात वरचा शेरा मिळाला! मॅडम म्हणाल्या, वैजापूर रस्त्यावरचे रिकामे थांबे जवळपास संपले, खेपा वाढल्या, ठेकेदार दुसऱ्या तालुक्यांचंही काम देतोय. मे महिन्यात कार्यक्रम आहे, त्यात मला 'उत्कृष्ट कामगिरी'चं सन्मानचिन्ह. स्टेजवर. साडी कोणती नेसू?

संध्याकाळी घरी आले तर हर्सूलच्या आमच्या सोसायटीत टँकर उभा होता आणि पाइप धरून दाऊदभाई. रेटिंगमुळं गावाकडचा रस्ता काढून त्यांना शहरात टाकलं म्हणे.

"इधर अच्छा है मॅडम," ते म्हणाले. "इथं कितीही वेळ थांबा, कुणी काही म्हणत नाही."

मी मान डोलावून लिफ्टमध्ये शिरले. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत पाण्याचा आवाज येत होता.

९ एप्रिल

पाडवा. एकटीनं गुढी उभारली. आबांना फोन केला. आधी धाप, मग आवाज.

"काय आबा, पळत आलात का?"

"तुझा फोन म्हणल्यावर पळावंच लागतं."

मेंढरं थोडी विकली म्हणाले. बरं केलं, आईचा त्रास कमी. ढोलाचं कातडं तापवून ताणून ठेवलंय म्हणाले. मी म्हटलं, आबा, यंदा मी व्हिडिओ काढणार तुमचा, नीट वाजवा. तर म्हणाले, "नीट म्हंजी?"

"म्हणजे जोरात, जलद."

"जलद वाजवणं कोन बी करील," आबा म्हणाले. "रिंगणात म्हातारं मानूस नाचत असतं. त्याचं पाऊल पडंस्तवर थांबायचं आन् मग थाप द्यायची. त्याला वाटलं पायजे, आपुनच नाचवतोय ढोलाला."

आमच्या मॅडमना हे ऐकवलं तर चक्कर येईल त्यांना.

२२ एप्रिल

गावात आले. उद्या यात्रा. आबा आणि आई माळावरून खाली देवळापाशी आलेत. बघते तर आबा अर्धे झालेत. पण रोज एवढं चालल्यावर वजन उतरणारच, डॉक्टरांनी चालायलाच तर सांगितलं होतं. पाय सुजलेत थोडे. उन्हाचं असेल.

सदरा काढला तेव्हा उजव्या खांद्यावर हे एवढं घासलेलं दिसलं. सोललेलं, वर खपली.

"हे काय आबा?"

त्यांनी आईकडं बघितलं. "ढोलाचा पट्टा घासला."

"एवढा सराव? अहो, जरा दमानं!" मी हळद लावली. मनातून मात्र लई आनंद झाला. माणूस जिद्दीला पेटला की काय होतं बघा. आई चुलीपुढं बसून राहिली. तिच्या पायाला भेगा पडल्यात, त्यांनाही हळद लावली.

२४ एप्रिल

दवाखान्याच्या व्हरांड्यात लिहितेय.

काल आबांनी ढोल गळ्यात घेतला. बिरोबाला हात जोडले, माझ्याकडं बघून मनगट वर केलं, घड्याळ दाखवायला. मी फोन धरून उभी. पहिल्या थापा इतक्या संथ, की पोरं ओरडली, "मल्हारमामा, जरा पळवा की!" आबा हसले. रिंगणात एक म्हातारबा रुमाल धरून नाचत होते, त्यांच्या पायाकडं बघून ते वाजवत होते. मग मीच ओरडले. मी! "आबा, जलद! व्हिडिओ चाललाय!"

त्यांनी वेग वाढवला. माझ्यासाठी वाढवला. लई सुंदर वाजलं ते थोडा वेळ. मग काठी हातातून सुटली आणि ते ढोलावरच पालथे पडले, ढोलाचा एक मोठा आवाज झाला आणि लोकांना वाटलं, संपलं म्हणून तसा आवाज काढला. दोघाचौघांनी तर टाळ्या वाजवल्या.

वैजापूरहून रातोरात शहरात आणलं. डॉक्टर म्हणतात, हृदय पार दमलंय.

२५ एप्रिल

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "ओझं उचलत होते का हे?"

मी म्हटलं, "छे! फक्त चालत होते. रोज. माझ्याकडं सगळी नोंद आहे." आणि फोन काढून हिरवी वर्तुळं दाखवायला लागले. महिनाभर ओळीनं हिरवी.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "पानी आणीत होते."

"कुठून?"

"खालच्या गावच्या हिरीवरून. कावड खांद्यावर घिऊन. चढानं."

"कावड?" माझा आवाज चढला. "टँकर येत होता ना?"

"यायचा. दाऊदभाई वळनावर थांबायचे, कुंडी भरून द्यायचे. मग थांबना झाले. एक दिस मेंढरं गाडीमागं पळत गेली, गाडी गेली तशीच. त्या दिसापासून ह्यांनी कावड घेतली. म्या आनते म्हणलं तर म्हनले, तू मेंढरं बघ."

"मला एक फोन करायचास ना आई! एक!"

"म्हणलं की म्या त्यांना. तर म्हनले, पोरीचंच हाय ते. तिनं काय तरी इचार करून केलं आसंल. आपल्यापायी तिच्या कामात आडकाठी नगं."

डॉक्टर खाली बघत होते. माझ्या हातात फोन तसाच, पडद्यावर हिरवी वर्तुळं. देवा, मी इमरती वाटली होती.

२८ एप्रिल

आबा पहाटे गेले. मला काही लिहायचं नाही.

१० मे

कामावर गेले. कार्यक्रम होता, विसरलेच होते. नाव पुकारलं तेव्हा शेजारच्या मुलीनं ढकललं. काचेचं सन्मानचिन्ह आहे, वजनदार.

खाली उतरल्यावर मॅडमना बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. वडील धनगर, वळण, कुंडी, कावड, सगळं. त्यांचे डोळे भरले, खोटं कशाला बोलू? माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, वळणाला पॉइंट द्या. त्या म्हणाल्या, "अंबिका, आपण फक्त यादी दाखवतो गं. यादी वरून येते. आणि एकाला सूट दिली तर उद्या प्रत्येक ड्रायव्हर म्हणेल, माझंही वळण आहे." मग म्हणाल्या, "सुट्टी घे थोडी."

हीच वाक्यं मी बोलले होते दाऊदभाईंशी. जवळपास अशीच. तेव्हा माझ्या डोळ्यांत तर पाणीही नव्हतं.

१६ मे

चोरून केलं. ते वळण नकाशावर निवडलं आणि तिथं थांबलं तरी रेटिंग उतरणार नाही असं करून टाकलं. मॅडमना कळलं तर नोकरी जाईल. जाऊ दे.

लगेच काही फरक पडेल म्हणून नकाशा उघडून बसले. पान पापणी लवायच्या आत उघडलं. टँकर वळणावर आला आणि तसाच पुढं गेला. दुसरी खेप, तीच. कसा थांबेल? ड्रायव्हर नवा आहे. त्याला माहीतच नाही तिथं कुणी आहे म्हणून.

१९ मे

खाली दाऊदभाई दिसले तशी धावत गेले. म्हटलं, परत जा त्या रस्त्याला, मी ठेकेदाराशी बोलते.

"बोलून झालं मॅडम. तो म्हणतो, लाल माणूस गावाकडं नको." मग पाइप सरळ करत म्हणाले, "वह बाबा कैसे हैं? ढोलवाले? रोज सांगायचे, माझी बेटी टँकरच्या कंप्यूटरमध्ये आहे. मी म्हणायचो, मग सांगा ना तिला. तर म्हणायचे, अरे, तिला किती कामं असतात."

मी म्हटलं, गेले. मुलगी मीच.

पाइपमधून पाणी वाहत होतं, टाकी भरून रस्त्यावर यायला लागलं, तरी दोघंही उभेच. वरून कुणीतरी ओरडलं, "ओ, बंद करा की!" तेव्हा त्यांनी तोटी बंद केली.

२३ मे

आईला आणायला माळावर गेले. वाडा पहिल्यांदा बघितला. कुंडी कोरडी, तळाला भेग. कावड बाभळीला टेकवून ठेवलेली. वळणावरून टँकर जातो तो तिथून स्पष्ट दिसतो, आतलं पाणी डुचमळतं त्याचा आवाजसुद्धा येतो.

आई येईना. "मेंढरं कोनाला देऊ?" म्हणाली. मी म्हटलं, विकू. म्हणाली, "इकत घेतो कोन आता?" हाता-पाया पडले, ओरडले, रडले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि संध्याकाळच्या गाडीला बसवून गेली. दवाखान्यातून दिलेली आबांची पिशवीही तिच्याचजवळ राहिली.

२७ मे

सकाळी चहा टाकत होते. फोन वाजला.

'अभिनंदन, मल्हारराव! आजचं लक्ष्य पूर्ण.'

कप हातातून पडला. मला खरंच क्षणभर वाटलं, आबाच चालतायत. मग आईला फोन लावला. लई वेळ वाजला.

"आई, घड्याळ तू घातलंस का?"

"व्हय. त्यांचं हाय. हातात आसलं की बरं वाटतं." धाप लागली होती तिला. मागं मेंढरं ओरडत होती.

"आई, तू कुठं गेली होतीस?"

"कुठं न्हाय गं. फिरायला," ती म्हणाली. "तुला आज हापिस न्हाय का?"